पेशी सपाट बशीतही धडधडतात, मग हृदयाची त्रिमितीय ऊती कशासाठी वाढवतात?

मिरजेचा मास्तर

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात मूलपेशींचा भाग शिकवताना मी मुलांना प्रयोगशाळेत तयार केलेल्या हृदयपेशींची एक चित्रफीत दाखवली. बशीच्या तळाशी पसरलेल्या पेशी एका लयीत आकुंचन पावताना पाहून वर्ग काही क्षण गप्प झाला. मग मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, पेशी सपाट बशीतही धडधडतात, तर मग लोक तीन मितींची ऊती वाढवायचा खटाटोप कशाला करतात?" अवयव त्रिमितीय असतात म्हणून, असे उत्तर मी दिले खरे, पण आपण प्रश्नच उत्तराच्या सुरात पुन्हा म्हणून दाखवला हे मला बोलता बोलताच कळले.

पाठ्यपुस्तकात याविषयी काही नाही आणि वर्तमानपत्रांत येते ते 'प्रयोगशाळेत हृदय तयार' अशा मथळ्यांखाली येते. त्यामुळे या क्षेत्रातील जाणकारांना विचारतो. त्रिमितीय ऊतीत असे काय घडते की जे बशीत घडत नाही? ती प्रत्यक्षात तयार कशी करतात? आणि तिचा उपयोग केवळ संशोधनापुरता आहे, की रुग्णाच्या उपचारापर्यंत तो पोहोचला आहे? उत्तर थोडे कठीण असले तरी चालेल. मुलांसाठी सोपे करण्याचे काम माझे.

पेशीवाला

सर, गेली काही वर्षे मी जर्मनीतील एका प्रयोगशाळेत याच कामावर आहे. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आमच्याकडे नव्याने येणाऱ्या संशोधकांनाही पडतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

हृदयाचा स्नायू ओढण्यासाठी घडलेला असतो, आणि बशीत त्याला ओढण्यासारखे काहीच नसते. माझ्या मते उत्तराचा गाभा एवढाच आहे. बशीचे प्लास्टिक हृदयाच्या स्नायूपेक्षा लाखाहून अधिक पटींनी कडक असते. पेशी त्याला खालून चिकटते, जागच्या जागी थरथरते, पण तिच्या आकुंचनाने काहीही हलत नाही. त्यातच प्रत्येक पेशी मनाला येईल त्या दिशेने पसरते. प्रौढ हृदयातील स्नायुपेशी लांबट, विटेसारखी आणि सुमारे 100 ते 150 मायक्रोमीटर लांबीची असते; तिच्यातील सार्कोमिअर, म्हणजे आकुंचनाचे मूळ एकक, एकामागोमाग एक ओळीने रचलेले असतात. बशीतील पेशी मात्र पसरट, चांदणीसारखी होते आणि तिच्यातील सार्कोमिअरना ठरावीक दिशाच नसते. चार बैल चार दिशांना जुंपले तर गाडी जागची हलत नाही, तशी तिची अवस्था होते.

त्याच पेशी मऊ जाळीत मिसळून ती जाळी दोन लवचिक खांबांमध्ये ताणून बसवली की चित्र पालटते. पेशी ताणाच्या दिशेने लांब होतात, एकमेकींशी टोकाला टोक जोडतात आणि प्रत्येक ठोक्याला खांब आत वाकवतात. खांब वाकतो म्हणजे पेशींना काम पडते, आणि काम पडले की स्नायू घडतो. व्यायामशाळेत जाणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

आता कृती. सुरुवात आयपीएस पेशींपासून, म्हणजे शरीरातील साध्या पेशी मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशींपासून होते. क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेतील पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले आणि 2012 साली त्यांना नोबेल मिळाले, हे तुम्ही शिकवतच असाल. या पेशींतील विंट नावाचा संदेशमार्ग एका रसायनाने आधी चेतवायचा आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या रसायनाने दाबायचा, म्हणजे भ्रूणात जे क्रमाने घडते त्याची नक्कल होते. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास बशीत पहिले ठोके दिसू लागतात. तुम्ही वर्गात दाखवलेली चित्रफीत बहुधा याच टप्प्याची असावी.

इथून पुढे ऊतीचे काम सुरू होते. आमच्याकडे वापरली जाणारी पद्धत हॅम्बुर्गमध्ये विकसित झाली आणि 2010 साली प्रसिद्ध झाली. चोवीस खळ्यांच्या तबकात गरम ॲगरोज (गार झाल्यावर जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) ओततात, त्यात टेफ्लॉनचे ठोकळे उभे करतात आणि ॲगरोज गोठल्यावर ते काढून घेतात. राहिलेली चर म्हणजे साचा. त्या चरीत वरून सिलिकोनच्या खांबांची जोडी सोडायची. मग सुमारे 10 लाख पेशी फायब्रिनोजेनच्या द्रावणात मिसळून त्यात थ्रॉम्बिन घालायचे आणि मिश्रण ताबडतोब साच्यात सोडायचे. थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते; जखमेवरचे रक्त ज्या फायब्रिनने गोठते तेच हे, त्यामुळे हात चालवावा लागतो. क्षणभर रेंगाळलात तर पिपेटच्या टोकातच जेल होऊन बसते. माझ्या पहिल्या महिन्यातील निम्म्या ऊती अशाच पिपेटमध्ये वाया गेल्या. दीडेक तास 37 अंशांवर ठेवून खांबांची जोडी हळूच वर उचलली की दोन खांबांना लटकलेली पांढुरकी, शेवयीच्या तुकड्यासारखी पट्टी बाहेर येते. तिची लांबी जेमतेम 8 मिलिमीटर असते. ती ताज्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, बुडवून ठेवायची.

पहिले काही दिवस निरुत्साही असतात. सूक्ष्मदर्शकाखाली कुठे एखादा कोपरा फडफडतो, कुठे दुसरा, पण त्यांचा परस्परांशी मेळ नसतो. मग आठवड्याभरात कधीतरी सकाळी इन्क्युबेटर उघडावा तर अख्खी पट्टी एकसाथ आकुंचन पावत असते आणि खांब नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका आत झुकत असतो. खांबाचा कडकपणा ठाऊक असल्यामुळे तो किती वाकला हे कॅमेऱ्याने मोजले की स्नायूने किती बल लावले ते गणिताने काढता येते. बशीत ठोक्यांची संख्या मोजता येते. बल असे सरळ मोजता येते ते इथेच. तुमच्या विद्यार्थिनीला एका वाक्यात सांगायचे तर एवढे सांगा.

ही पट्टी प्रौढ हृदयाइतकी सक्षम असते असे मात्र कृपया सांगू नका. आयपीएस पेशींपासून बनलेला स्नायू गर्भातील स्नायूसारखा असतो. प्रौढ हृदय आपली बहुतांश ऊर्जा मेदाम्लांतून मिळवते, तर हा मुख्यत्वे ग्लुकोजवर चालतो. प्रौढ हृदयाचा स्नायू हृदयातीलच लयकेंद्राकडून येणाऱ्या ठोक्याच्या इशाऱ्याची वाट पाहतो, तर हा आपणहून धडधडत राहतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटाने 2018 साली यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. पेशी अगदी कोवळ्या असतानाच त्यांची ऊती बनवायची आणि विजेच्या स्पंदांनी तिला सेकंदाला 2 ठोक्यांपासून 6 ठोक्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने पळवायचे. चार आठवड्यांत त्या ऊतीत प्रौढ स्नायूची बरीच लक्षणे दिसली. पेशीच्या आतपर्यंत संदेश नेणाऱ्या नलिकाही तयार झाल्या होत्या. इथेही पुन्हा कामानेच स्नायू घडला.

शंकासूर

वरील प्रतिसाद आवडला, पण दोन शंका आहेत. पहिली शंका अशी की, ॲलेक्सिस कॅरेल यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1912 साली कोंबडीच्या हृदयाचा तुकडा काचेत वाढवायला घेतला आणि तो 1946 पर्यंत जिवंत ठेवला गेला असे वाचले होते. मग शंभर वर्षांनंतरही आपण आठ मिलिमीटरवरच कसे? दुसरी शंका अशी की, इस्राएलमध्ये 2019 साली संपूर्ण हृदय छापल्याची बातमी आली होती. ते जमले असेल तर या शेवया करत बसण्याचे प्रयोजन काय?

पेशीवाला

कॅरेल यांच्या काचेत स्नायू उरलेलाच नव्हता. धडधड फार काळ टिकली नाही. पुढे वाढत राहिले ते तंतुजनक, म्हणजे ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या, पेशींचे आवरण. शिवाय सामान्य पेशी अमर्याद विभागू शकत नाहीत हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवल्यानंतर त्या 34 वर्षांबद्दलच शंका घेतली गेली. अन्नरस म्हणून दिल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्कातून नव्या पेशी आत जात असाव्यात असे अनेकांचे मत आहे. गंमत म्हणजे आजच्या पद्धतीचा आरंभही कोंबडीपासूनच झाला. थॉमस एशेनहागेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली कोंबडीच्या भ्रूणातील हृदयपेशी कोलॅजनच्या जेलमध्ये वाढवून त्यांचे बल मोजले होते.

तेल अवीव विद्यापीठात ताल द्विर यांच्या गटाने जे छापले ते चेरीएवढे होते. त्यात कप्पे होते, ठळक रक्तवाहिन्या होत्या आणि पेशी रुग्णांच्याच ऊतीपासून बनवलेल्या होत्या, हे सर्व खरे आणि कौतुकास्पद आहे. पण पेशी आकुंचन पावणे आणि सगळ्या पेशींनी मिळून रक्त ढकलणे यांत महदंतर आहे, आणि ते छापील हृदय रक्त ढकलत नव्हते. हे त्या संशोधकांनी स्वतःच सांगितले होते. मथळे लिहिणाऱ्यांनी सांगितले नाही.

आठ मिलिमीटरचे कारण आकारमानाच्या गणितात आहे. रक्तवाहिनी नसेल तर प्राणवायू ऊतीत नुसता झिरपून जेमतेम 100 ते 200 मायक्रोमीटर आत पोहोचतो. त्यामुळे लांबी वाढवता येते, जाडी वाढवली की गाभा गुदमरतो. आपल्या हृदयात जवळजवळ प्रत्येक स्नायुपेशीच्या शेजारून एक केशवाहिनी जाते. ते जाळे बाहेर उभे करणे हीच या क्षेत्रातील सर्वांत मोठी अडचण आहे, आणि ती अद्याप सुटलेली नाही.

औषधशाळा

मी औषधांच्या सुरक्षितता-चाचणीच्या क्षेत्रात काम करते. मास्तरांच्या तिसऱ्या प्रश्नाच्या 'केवळ संशोधनापुरता' या शब्दांवर थोडे लिहावेसे वाटते, कारण त्या 'केवळ'मध्ये पुष्कळ काही सामावले आहे.

टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे आणि सिसाप्राइड हे जठराच्या तक्रारींवरचे औषध. दोन्ही औषधे जगभर लाखो लोकांनी घेतली आणि दोन्ही बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण काही रुग्णांत त्यांनी हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडवली. दोन्ही औषधे हृदयपेशीतील एक विशिष्ट पोटॅशियम-मार्ग अडवतात. तो अडला की प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला पूर्वस्थितीत यायला उशीर होतो आणि मधल्या काळात चुकार ठोका पडू शकतो. यानंतर प्रत्येक नव्या रेणूची त्या एका मार्गावर चाचणी घेणे हा शिरस्ता झाला.

पण एकाच मार्गाकडे पाहिले तर निर्दोष औषधही दोषी ठरते. व्हेरापामिल हे रक्तदाबाचे जुने औषध तोच पोटॅशियम-मार्ग अडवते, तरीही त्याने तशी लय बिघडत नाही, कारण ते त्याच वेळी कॅल्शियमचा मार्गही अडवते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना सावरतात. हे एका मार्गाच्या चाचणीत दिसत नाही. सगळे मार्ग एकत्र असलेल्या मानवी पेशीत दिसते. त्यापुढची गोष्ट म्हणजे व्हेरापामिलने स्नायूचा जोर कमी होतो, तो किती कमी झाला हे खांबांवरच्या पट्टीत सरळ मोजता येते. लय आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे मुख्यतः जोरावर घाला घालतात, तोही हळूहळू. आठवडेच्या आठवडे टिकणारी ऊती त्यासाठीच हवी असते.

यावर 'मग उंदीर आहेत की' असे नेहमी ऐकू येते. उंदराचे हृदय मिनिटाला 500 ते 600 वेळा धडधडते. इतक्या वेगात पूर्वस्थितीत येण्यासाठी त्याच्या पेशी वेगळ्याच पोटॅशियम-मार्गांवर विसंबतात, त्यामुळे टर्फेनाडीनचा जो दोष माणसाला मारतो तो उंदराच्या हृदयात सहजासहजी उमटत नाही. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली, आणि भारतानेही मार्च 2023 मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारलेल्या अशा पद्धतींना जागा दिली. प्राण्यांवरील चाचण्या यामुळे उद्या थांबतील असे नाही. परंतु अर्जासोबत अशा ऊतींवरील माहिती जोडली तर ती बाजूला सारली जाणार नाही, एवढे तरी झाले आहे.

हृद्रोगतज्ज्ञ, पुणे

मी प्रयोगशाळेतला माणूस नाही, रुग्ण तपासणारा आहे. माझ्याकडून दोन मुद्दे जोडतो.

पहिला आपल्या लोकांशी थेट निगडित आहे. हृदयाच्या स्नायूत एक बंधक प्रथिन असते आणि त्याच्या जनुकातील 25 अक्षरांचा एक तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे 4 टक्के आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारस्वामी तंगराज आणि सहकाऱ्यांनी 2009 साली हे प्रसिद्ध केले. म्हणजे मास्तरांच्या पन्नासाच्या वर्गात सरासरीने दोन मुलांत हा बदल असू शकतो. ज्यांना तो एकाच पालकाकडून मिळाला त्यांतील कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही; काहींचे हृदय मात्र मध्यम वयात दुबळे होते किंवा त्याची भिंत जाडावते. हा फरक का पडतो, हे विचारण्याची सोय आम्हा डॉक्टरांपाशी नव्हती, कारण जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा उठसूट काढता येत नाही. आता रुग्णाच्या रक्तातील पेशींपासून त्याच्या हृदयाची पट्टी वाढवता येते, जनुककात्रीने तो 25 अक्षरांचा तुकडा परत बसवून त्याच माणसाची दुसरी, दुरुस्त पट्टी करता येते, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांचे बल मोजता येते. बाकी सर्व जनुके तीच असल्याने जो फरक दिसेल तो त्या तुकड्याचाच. मला विचाराल तर या तंत्राची खरी किंमत इथे आहे.

दुसरा मुद्दा उपचाराचा. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे वोल्फ्राम-हुबर्टुस त्सिमरमान यांच्या गटाने अशाच ऊतींचे ठिगळ दुबळ्या हृदयावर शिवण्याची चाचणी हाती घेतली आहे. आधी माकडांवर काम झाले आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांनी माकडांच्या निष्कर्षांसोबत एका 46 वर्षांच्या रुग्ण महिलेची माहितीही प्रसिद्ध केली. हृदय-प्रत्यारोपणाची वाट पाहत असताना तिच्या हृदयावर हे ठिगळ बसवण्यात आले होते. तीन महिन्यांनी दात्याचे हृदय मिळाले, तेव्हा काढून घेतलेल्या तिच्या मूळ हृदयावर ते ठिगळ जिवंत असल्याचे आणि त्यात रक्तवाहिन्या शिरल्याचे तपासता आले. ठिगळातील पेशी परक्या दात्याच्या असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावीच लागतात. सुट्या पेशी सुईने टोचण्याचा मार्गही आहे, पण सिॲटलच्या गटाने 2014 साली माकडांवर तो वापरला तेव्हा हृदयाची लय बिघडल्याचे आढळले होते; कोवळ्या पेशी आपणहून धडधडतात असे वर लिहिले आहे, ते इथे अंगाशी येते.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की माझ्याकडे मागच्या वर्षी एक गृहस्थ आले होते. एका खासगी दवाखान्याने त्यांना 'मूलपेशींचे इंजेक्शन, हृदय पुन्हा तरुण' असे सांगून काही लाख रुपये घेतले होते. इंजेक्शननंतर त्यांच्या हृदयाची क्षमता होती तेवढीच होती, पैसे मात्र गेले. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयविकारासाठी मूलपेशी द्यायच्या त्या केवळ मंजूर चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले गेले, तर ती चाचणी नव्हे एवढे समजावे.

मिरजेचा मास्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खांब, पट्टी आणि बल एवढे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा त्या मुलीचे समाधान झालेले दिसले. मी वर्गात दोन मोजपट्ट्यांना रबरबँड लावून खांब कसा वाकतो तेही दाखवले. पंचवीस अक्षरांचा मुद्दा मात्र जपून मांडला. आपल्याला तो आजार आहे की काय या चिंतेने मुले घरी जाऊ नयेत.

पण तिने जाताना पुढचा प्रश्न टाकलाच. प्रयोग संपल्यावर त्या धडधडणाऱ्या पट्टीचे काय करतात, आणि तिला काही कळत असेल का?

पेशीवाला

कळण्यासाठी मज्जापेशी लागतात, आणि त्या पट्टीत एकही नसते. हृदयाचे ठोके स्नायूतच उत्पन्न होतात, मेंदूचा हुकूम त्यांना लागत नाही. बेडकाचे काढलेले हृदय द्रावणात धडधडताना तुमच्या पिढीने प्रात्यक्षिकात पाहिले असेल, तोच प्रकार.

तिचे काय करतात हे मात्र ठरलेले आहे. इन्क्युबेटरमधून बाहेर काढली की ती गार होऊ लागते आणि ठोके लांबत जातात. आकुंचन पावलेल्या अवस्थेत ती घट्ट झाली तर सार्कोमिअरची खरी लांबी कळत नाही, म्हणून आधी स्नायू शिथिल करणाऱ्या द्रावणात ठेवतात आणि ती पुरती थांबली की फॉर्माल्डिहाइडमध्ये घालतात. नंतर तिचे पातळ काप करून प्रथिनांना चमकणारे रंग देतात. चांगली जमलेली पट्टी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इरकली लुगड्याच्या काठासारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात. त्याचे एक चित्र माझ्याकडे आहे. वर्गासाठी हवे असल्यास निरोप पाठवा, मी पाठवून देतो.